धुण्याच्या खोलीतली खुंटी

आक्का मिरजेच्या दवाखान्यात जायला निघाल्या त्या सकाळी जीप दारात उभी होती. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आष्ट्याच्या आमच्या घरातल्या मोठ्या सूनबाई. पोटात गाठ निघाली होती आणि उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात नेसायचं हिरव्या काठाचं इरकली लुगडं त्यांनी बदललं. ते मी धुण्याच्या खोलीत दाराजवळच्या खुंटीला अडकवलं आणि परत येऊन त्यांना हात धरून जीपमध्ये बसवलं. थोरले भावजी पुढे बसले. गाडी सुरू झाली तशी आक्कांनी मान बाहेर काढली. "शालन, ते लुगडं धुऊन टाक गं आजच." ऐकणाऱ्याला वाटेल, बाई स्वच्छतेची, जाता जाता धुण्याची आठवण करून गेली. पण त्या खुंटीवरचा कपडा धुऊन टाक, असं आमच्या घरात सहा-सात वर्षांत कोणी कोणाला म्हटलेलं नव्हतं, आणि तो नियम खुद्द आक्कांचाच होता. नवव्या दिवशी दुपारी तीच जीप परत आली. इतकी सावकाश येत होती की मी धुण्याच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं आणि मला कोणाला काही विचारावं लागलं नाही. त्याला आता सहा आठवडे झाले.

मी मुळात भित्री. पालीला भिते, विजेला भिते आणि पोस्टमनला तर अजून भिते. पुढचं सगळं एका भित्र्या बाईनं सांगितलेलं आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावं. साताऱ्याहून लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा, सत्तर साली, ही खोली नुकतीच बांधायला काढली होती. त्याआधी घरचं धुणं मळ्यातल्या विहिरीवर व्हायचं. नऊ माणसांचे मातीनं भरलेले कपडे वाकून धुता धुता आक्कांची कंबर धरली होती. भावजी फौजेत हवालदार. त्यांच्याबरोबर आक्का दोन वर्षं छावणीत राहून आल्या होत्या, तिथल्या एका मोरीत त्यांनी उभ्यानं धुणं धुतलं होतं, आणि ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. परड्याच्या बाजूला त्यांनी स्वतः कोळशानं जमिनीवर रेघा मारल्या... इथे हौद, इथे बंब, म्हणजे गरम पाणी उचलून आणायला नको, इथे कंबरेएवढ्या कट्ट्यावर धुण्याचा दगड. बाबू गवंडी हसायला लागला. "वयनी, कापडं धुवायची हायती का द्येव बसवायचाय?" आक्कांनी उत्तर दिलं, "बाबूदादा, तुमी येक दिस वाकून नऊ मानसांचं धुणं धुवा. मग द्येवच आठवंल तुमास्नी." शहाबादी फरशीचा उतार मनासारखा झाला नाही म्हणून त्यांनी ती दोनदा उखडायला लावली. शेवटी बादलीभर पाणी ओतलं आणि ते न थबकता भिंतीतल्या भोकातून केळीच्या बुंध्याशी गेलं, तेव्हा कुठे बाबूची सुटका झाली.

नुसती सोयीची खोली त्यांना चालणार नव्हती, ती देखणीही हवी होती. "बाईचं निम्मं आयुष्य हितंच जानार, मग हितं काय अंधार करून बसायचं?" असं त्या म्हणायच्या. चुन्यात नीळ घालून भिंती फिकट निळ्या केल्या. छपरात दोन काचेची कौलं बसवली. पावसाळ्यात कपडे आतच वाळावेत म्हणून वर दोऱ्या, आणि त्या खालीवर करायला एक लाकडी चाक. उंबऱ्यापाशी फुटक्या कपबश्यांचे तुकडे बसवून त्यांनी एक कमळ केलं होतं. ते बघायला गल्लीतल्या बायका यायच्या आणि नाकं मुरडत का होईना, चांगलं पाच-पाच मिनिटं बघायच्या. आमच्या सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा, आक्षेप एकच होता. दगडासमोरची खिडकी रस्त्याच्या अंगाला कशाला? येणारा-जाणारा आत बघेल. आक्का म्हणाल्या, उजेड हवा. खिडकी झाली, आणि वर्षभरानं त्याच खिडकीनं आमचा जीव टांगणीला लावला.

एकाहत्तर सालच्या हिवाळ्याच्या तोंडाला भावजी सुटीवर आले होते. सुटी अर्धी व्हायच्या आतच परत बोलावणं आलं. लढाई होणार, असं रेडिओवर आणि बाजारात सगळीकडे बोललं जात होतं. सकाळी अंगातला रेघांचा सदरा काढून त्यांनी खुंटीला अडकवला, वर्दी चढवली, आईच्या पाया पडले आणि गेले. मागे घर सुन्न झालं. कोणी झाडायला उठेना, कोणी बोलेना. मला वाटलं, आपण तरी काही करावं. त्या निळ्या खोलीत कामाला लागायची मला हौसच होती. मी सगळं धुणं भिजवलं, खुंटीवरचा सदराही भिजवला, चोळून स्वच्छ धुतला, नीळ घातली आणि दोरीवर पसरून चाकानं वर ओढला. आक्का बघतील आणि शाबासकी देतील, असं मनात होतं.

या घरचा रिवाज मला कोणी सांगितलेलाच नव्हता, कारण तो सांगावा लागतो असं इथे कोणाला वाटतच नव्हतं. फौजेत माणूस परत निघाला की त्या दिवशी घर झाडायचं नाही, बायकांनी डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, आणि त्यानं उतरवून ठेवलेला कपडा खुशालीचं पत्र येईपर्यंत धुवायचा नाही. त्याच्या अंगाचा वास घरात राहिला की त्या वासामागं माणूस घरी येतो, अशी आत्याबाईंची समजूत. माझ्या माहेरी फौजेत कोणीच नव्हतं... दुपारी आत्याबाई हात धुवायला आत आल्या, वर बघितलं आणि भिंतीला टेकल्या. "ह्यो सदरा कुनी धुतला?" मागून आक्कांचा आवाज आला. "मी धुतला, आत्याबाई. हाताखाली गेला, ध्येनात राह्यलं न्हाई."

त्यानंतर आत्याबाई त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. आणि लढाई सुरू झाली. एक आठवडा गेला, दुसरा गेला, पत्र नाही. वरच्या गल्लीत एका घरी तार आली. आमच्याकडे तार म्हटलं की वाचायच्या आधीच रडं सुरू व्हायचं, आणि त्या घरचं रडं मग थांबलंच नाही. तिथे बसायला गेलो असताना आत्याबाई चार बायकांसमोर म्हणाल्या, "आमच्यात बी हिनं सदरा धुऊन ठिवलाय." आक्का खाली मान घालून बसल्या. मी त्यांच्या शेजारीच होते. तोंड उघडायला एवढा एकच क्षण पुरेसा होता... मी पदराचं टोक पिळत बसले. त्या रडण्यापेक्षाही मला स्वतःची भीती जास्त वाटली. भावजींना काही झालं तर ते माझ्या हातानं झालं, असं मला खरोखर वाटत होतं. जेवताना हाताला त्या साबणाचा वास यायचा आणि घास उतरायचा नाही.

पोस्टमन यायच्या वेळेला आक्का दगडापाशी उभ्या राहायच्या. धुवायला काही नसलं तर एकच चादर पुन्हा पुन्हा घासायच्या, नजर खिडकीबाहेर. सायकलची घंटा वाजली की हात थांबायचे, सायकल पुढे गेली की पुन्हा चालू. एके दिवशी मी रडत त्यांच्यापाशी गेले. "आक्का, मी आत्याबाईंना सांगते. मीच धुतलाय." त्यांनी साबणाच्या हातानंच माझं तोंड दाबलं. "गप. मला दोन दिस बोलतील नि इसरतील. तू नवी हायस, तुला जल्मभर लावतील." मी विचारलं, "तुमाला भ्या वाटत न्हाई?" त्यांनी साबण खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लय वाटतं गं. रातच्याला डोळं मिटत न्हाई. पन माजं भ्या तुज्या डोक्यावर घालून ते कमी हुनार हाय का?" आणि पुन्हा चादर घासायला लागल्या. तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या.

मग एका दुपारी सायकल आमच्याच दारात थांबली. मी हौदामागे जाऊन बसले, खरंच बसले. आक्कांनी हात पुसलेसुद्धा नाहीत. फौजेचं साधं कार्ड होतं, त्यावर फेसाची बोटं उमटली. मी खुशाल आहे, थंडी फार आहे, आईला नमस्कार. आणि खाली एक ओळ : माझा रेघांचा सदरा धुऊन इस्त्री करून ठेवावा. आक्का ती ओळ वाचून हसायला लागल्या, हसता हसता त्या फुटक्या कपबश्यांच्या कमळावरच बसल्या आणि मग जे रडल्या ते बघून मीही हौदामागून बाहेर आले. आत्याबाईंनी कार्ड देवापुढे ठेवलं. आक्कांना एवढंच म्हणाल्या, "जेव आता."

भावजी धडधाकट परत आले. पुढच्याच आठवड्यात आक्कांनी बाबू गवंड्याला बोलावून दाराजवळ एक वेगळी खुंटी ठोकून घेतली आणि तिला लाल रंग दिला. "पुन्यांदा कुनाची चूक व्हायला नगं," असं सगळ्यांना सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून घरातलं कोणीही गाव सोडून गेलं की त्याचा कपडा त्या खुंटीला. मी बाळंतपणाला साताऱ्याला गेले तेव्हा माझं पातळ तिथे अडीच महिने होतं, आक्कांनी कोणाला हात लावू दिला नाही. आत्याबाई तीन वर्षांनी गेल्या. सदरा मोठ्या सुनेनं धुतला, हे मनात धरूनच गेल्या. मी त्यांना सांगितलं नाही. भावजींनाही नाही. ते रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, तेव्हा हे छापलेलं वाचून आज त्यांनाही कळेल. भावजी, सदरा मी धुतला होता.

सात आठवड्यांपासून इरकली लुगडं त्या लाल खुंटीवर आहे. त्याला अजून आक्कांचा वास आहे... बंबाचा धूर, साबण आणि थोडी तंबाखूची मिश्री. आपण परत येत नाही हे त्यांना कळलं होतं, आणि आपण गेल्यावर मी या खुंटीकडे बघत बसेन हेही कळलं होतं, म्हणून त्या तसं बोलल्या. तेरावा झाला, घरातली माणसं आडून आडून सुचवतात. रोज सकाळी मी सगळ्यांचे कपडे गोळा करते आणि दाराजवळ आले की हात आखडतो. आक्का, तुमचं एवढं मी ऐकलेलं नाही. खुशालीचं पत्र येईपर्यंत त्या खुंटीवरचं धुवायचं नाही, हे तुम्हीच ठरवलं होतं.