नार्त्तंग्याची बरणी जाफन्याला

कुंभकोणमच्या फलाटावर वहिनींनी बरणी माझ्या हातात दिली, अण्णांच्या नाही. तोंडाला फडकं, फडक्यावर सुतळीचे इतके वेढे की सोडायला सुरीच हवी. आत नार्त्तंगा (महाळुंगासारखं मोठं आंबट फळ, मिठात मुरवून वाळवलेलं). "तिकडे आपलं कुणी भेटलं तर द्या," एवढंच त्या म्हणाल्या आणि इंजिनाकडे बघत राहिल्या. सिलोनात आपलं म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि तिचं नाव त्या घरात दोन वर्षं कुणी घेतलं नव्हतं.

मी भांडीवाला. पितळी डबरे आणि समया विकतो, आणि संध्याकाळी गाणाऱ्यांच्या मागे बसून तंबोरा छेडतो. त्याला विद्या म्हणू नका, छंद म्हणा; घरचे त्याला रिकामटेकडेपणा म्हणतात. अण्णा माझे थोरले चुलतभाऊ, शाळेत गणित शिकवतात. त्यांचा छंद मात्र खरा, फिडील (व्हायोलिन). शाळेतून आले, पान जुळवलं, की ओसरीवर फिडील निघे आणि त्यांची एकुलती एक कमळी शेजारी बसून गाई. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबत. मग आमच्या कॉलेजात शिकायला आलेला जाफन्याचा एक मुलगा जरा जास्तच थांबू लागला. सिवराजा त्याचं नाव. दुसरी जात, समुद्रापलीकडचं गाव! कमळीने त्याच्याशी लग्न केलं आणि गेली. अण्णांनी कावेरीच्या घाटावर मडकं फोडलं, तिच्या नावाने आंघोळ केली. म्हणजे त्यांच्यापुरती ती मेली. दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. फिडील मात्र पेटीतून बाहेर आलं नाही.

असं असताना आमच्या गावच्या एका गवयांना जाफन्याहून कच्चेरीचं (गाण्याच्या बैठकीचं) आमंत्रण आलं, आणि ऐन वेळी त्यांचा साथीदार तापाने आडवा झाला. त्यांनी भीत भीत अण्णांना विचारलं. अण्णा नाही म्हणणार हे ठरलेलंच होतं. ते हो म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की गवईच गोंधळले! तंबोऱ्यावर मी. परवाने निघेपर्यंत अण्णा भेटेल त्याला, न विचारता सांगत होते, "कच्चेरीसाठी जातोय हो, बाकी काही नाही."

मंडपमच्या छावणीत आमचे देवी टोचून घेतल्याचे कागद पाहिले, डोळ्यांच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या. गुरांच्या बाजारातसुद्धा एवढं बघत नाहीत. धनुष्कोडीला तर वाळू, वारा आणि खारट तोंड, बाकी काही नाही. तिथल्या तपासनिसाला माझी बरणी संशयास्पद वाटली. सुतळी कापून त्याने आत लोखंडी सळई खुपसली आणि तळापर्यंत ढवळलं. सोनं निघालं नाही. "कुणासाठी नेताय?" त्याने विचारलं. मी अण्णांकडे पाहिलं. ते समुद्राकडे बघत होते.

"नातेवाइकांसाठी," मी म्हणालो. अण्णांनी स्वतःच्या उपरण्याची किनार फाडून बरणीचं तोंड पुन्हा बांधलं. गाठ अशी आवळली की बोटं पांढरी पडली.

आगबोटीवर माझी जी काही दशा झाली ती लिहिण्यासारखी नाही. आतडी तेवढी आत राहिली. उलटीवर नार्त्तंग्यासारखं औषध नाही हे आमच्याकडे पोरंही सांगतील, म्हणून मी बरणीकडे हात नेला. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"ते तुझं नाही."

"अण्णा, एक फोड! जीव जातोय माझा!"

"जाऊ दे," ते म्हणाले, आणि मग किती दिवसांनी कोण जाणे, हसले. "रामू, ती बाहेर येईल का रे भेटायला? मी दारात उभा राहिलो तर?"

तेव्हा कळलं. कच्चेरी गेली खड्ड्यात, हे गृहस्थ लेकीच्या दारात उभं राहायला निघाले होते. मला रडू आलं. ते उलटीत खपून गेलं, बरं झालं.

तलैमन्नारहून गाडी बदलून जाफन्याला पोचलो. सपाट लाल माती, जिकडे तिकडे ताडाची झाडं, आणि घरांभोवती झावळ्यांची उंच कुंपणं, आतलं काही दिसू नये अशी. नदी नाही. कावेरीकाठच्या माणसाला नदीवाचून गाव म्हणजे ओकंबोकंच वाटतं. पाणी सगळं विहिरींचं. तमिळ आमचीच, पण होकाराला 'आमा' नाही, 'ओम्' म्हणतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, काय देवभोळी माणसं ही! सकाळी पुट्टू (नळीत वाफवलेला तांदळाच्या पिठाचा भुगा) आणि झणझणीत नारळाची चटणी. आमचे यजमान तंबाखूचे व्यापारी होते. ऐसपैस, बडबडे. अण्णांना विचारायचा धीर होईना, म्हणून मीच त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "सिवराजा नावाचे शिक्षक इथे राहतात म्हणे, आमच्याकडे शिकलेले. माहीत आहेत का?"

यजमानांनी पानाचं तबक पुढे ओढलं. "तुम्ही त्यांचे कोण?"

"ते फिडीलवाले आहेत ना, त्यांचे ते जावई."

"ओम्," ते म्हणाले. बराच वेळ पानाच्या शिरा काढत राहिले. "आधी कच्चेरी होऊ दे."

मला वाटलं, जावयाचं मन वळवायचं असेल, रुसवेफुगवे असतील. किती शहाणा मी!

कच्चेरी देवळाच्या मंडपात झाली. माणूस मावत नव्हता. गवयांचं गाणं चांगलं झालं, पण मी ऐकत होतो अण्णांना. फिडील छातीशी धरून ते बायकांच्या बाजूला बघत होते, एकेक ओळ, एकेक चेहरा. एकदा गवयांनी त्यांना वाजवायला मोकळी जागा दिली, तर ह्यांनी कमळी ओसरीवर गायची तेच पद काढलं. गवई चमकले, पण गुणी माणूस, गप्प राहिले. अण्णा वाजवत होते ते आमच्यासाठी नव्हतंच. त्या गर्दीत ती कुठेतरी असेल तर उठेल, अशी त्यांची खात्री होती. कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेत यजमानांचा निरोप आला: घरी जेवायला या, तुम्ही दोघंच. गेलो तर सकाळची उन्हं अजून कोवळी, आणि पानं मांडलेली. इतक्या लवकर कोण जेवतं? भात, पातळ डाळ, एक भाजी. गोड काही नाही. आमच्यासारख्या पाहुण्यांना पायसम नाही! घरातल्या बायका आतल्या आत, कुणी बोलत नाही. यजमान स्वतः वाढत होते आणि सारखे म्हणत होते, "पोटभर जेवा. अजून घ्या. पोटभर जेवा."

माझा हात पानावरच थांबला. आमच्याकडेही असंच करतात. वाईट बातमी उपाशीपोटी सांगत नाहीत; ऐकल्यावर माणूस न्हाऊन उठेपर्यंत अन्नाला शिवत नाही, आणि नंतरही किती दिवस घास उतरत नाही, म्हणून आधी जेवू घालतात. मी खिडकीतून परसात पाहिलं. विहिरीवर भरलेली बादली होती आणि कुंपणावर दोन कोरी धोतरं वाळत घातल्यासारखी टाकलेली होती. ओली नव्हती.

अण्णा मात्र मजेत जेवत होते. इतक्या दिवसांत त्यांना असं जेवताना मी पाहिलं नव्हतं. "रामू, जेव की रे! जेवण झालं की सरळ तिच्याकडे जायचं. मी ठरवलंय. बरणी विसरू नकोस." आणि त्यांनी पुन्हा भात मागितला. यजमानांनी वाढला. देवा, तो भात संपूच नये असं मला वाटत होतं.

हात धुऊन बाहेर आलो तर अंगणात सिवराजा उभा होता. दाढी वाढलेली, एकटाच. अण्णांनी त्याच्या मागे पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं.

"कमळी?"

"बाळंतपणात गेली, मामा. मूलही राहिलं नाही. पाऊस संपता संपता."

मीच ओरडलो, "आणि एक तार नाही केलीस? बापाला एक तार?"

"करणार होतो. शेवटी ती शुद्धीवर होती, तिनेच नको म्हटलं." सिवराजा माझ्याशी नाही, अण्णांशी बोलत होता. "म्हणाली, बाबा माझ्या नावाने एकदा न्हालेत. पुन्हा कशाला त्यांना थंड पाण्यात उभं करायचं."

अण्णा विहिरीकडे गेले. बादली ओतली, पुन्हा काढली, पुन्हा ओतली. थांबेनात. दात वाजायला लागले तरी थांबेनात. शेवटी सिवराजाने बादली धरून ठेवली, आणि दोघं तसेच दोराला धरून ओलेचिंब उभे राहिले. मी बरणी कट्ट्यावर ठेवली. सिवराजाने उपरण्याची किनार ओळखली की वास, कोण जाणे. "नार्त्तंगा ना? डोहाळ्यांत रोज मागायची. इथे कुठेच मिळाला नाही." बरणी त्याने दोन्ही हातांनी उचलून नेली.

परतीचं काय लिहू? तोच समुद्र, तीच गाडी. दुकानात येणारी गिऱ्हाइकं अजून विचारतात, परदेश कसा आहे? मी ताडांचं सांगतो, 'ओम्'चं सांगतो, ती हसतात. पण त्या देशाने मला शिकवलं ते एकच: कुणी फार आग्रहाने वाढायला लागलं की मी आधी विहिरीवर बादली भरलेली आहे का ते बघतो.

कुंभकोणमला उतरल्यावर अण्णा स्टेशनबाहेर दगडावर बसले. "तू पुढे हो. माझी जीभ उचलत नाही." मी एकटाच घरी गेलो. वहिनी चुलीपुढे होत्या. आमच्यासाठीच स्वयंपाक चालला होता. भात झाला होता, सांबाराला उकळी येत होती, आणि आम्ही येईपर्यंत त्या स्वतः जेवल्या नव्हत्या.

"आलात? हे कुठे आहेत?"

"येताहेत मागून."

"बरणी दिली?"

"दिली."

"कुणाच्या हातात दिली?" त्या चुलीपाशीच होत्या, पण पळी हवेत थांबली होती. "तिच्याच ना?"

मी पाट मांडला. पान मांडलं. बोलायला गेलो तर दुसरं काही तोंडातून येईचना. म्हणालो, "वहिनी, तुम्ही आधी जेवून घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पळी खाली ठेवली, चुलीतली लाकडं ओढून त्यांवर पाणी ओतलं आणि परसातल्या विहिरीकडे गेल्या.