उदगीरचा की नॉर्वेचा

बुद्धिबळात आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण, हा वाद आमच्या ओसरीवर अजून मिटलेला नाही. माझं उत्तर मात्र पक्कं आहे. मला कोणी विचारत नाही, आणि चारचौघांत बोलायला माझी जीभ उचलत नाही, म्हणून इथं लिहिते.

वाद घालणारे दोघे. एक माझे वडील, अप्पा. त्यांची रेणापूरजवळ शेती आहे. दुसरे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. नोकरी संपल्यापासून ते नांदेडला आमच्याजवळच असतात. अप्पा महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने यायचे. पिशवीत शेतातली भाजी आणि तिच्याखाली घडी केलेला कापडी पट. चहा झाला की पट पसरायचा, मोहरी मांडायची आणि तोंडं सुरू व्हायची.

मामांचा माणूस नॉर्वेचा. त्याचे डाव ते मोबाईलवर बघतात आणि एकटेच मान हलवतात. अप्पांचा माणूस उदगीरचा, एक कापडदुकानदार म्हातारा. आता तो हयात नाही. तरुणपणी अप्पा बाजाराला उदगीरला जायचे, तेव्हा त्याच्याकडूनच खेळ शिकले. नॉर्वेवाल्याने सगळी दुनिया हरवली, असं मामा एकदा म्हणाले. अप्पांनी प्यादं पुढं सरकवत विचारलं, “उदगीरला आलता का त्यो?”

मी आत भाकरी थापता थापता हसले होते.

अडचण अशी, की दोघांची खेळायची रीत वेगळी. अप्पांची जुनी, देशी. तिच्यात समोरच्याची सगळी मोहरी मारली आणि त्याचा राजा एकटा उरला, तर ती जीत धरत नाहीत. त्याला बुर्जी म्हणतात, डाव बरोबरीत सुटतो. म्हणून समोरच्याचं एखादं तरी मोहरं जिवंत ठेवून मात करावी लागते, आणि ती प्याद्यानं केली तर मान सगळ्यात मोठा. मामांच्या रीतीत असलं काही नाही. इतकी वर्षं दोघे खेळले, पण हरायला आलेला आधीच डाव मोडायचा, त्यामुळे हा फरक कधी पटावर आलाच नव्हता.

तो गेल्या वर्षी पोळ्यानंतर आला. अप्पांचं शेवटचं प्यादं मामांनी मारलं आणि हात चोळत म्हणाले, आता पळवा राजा. अप्पा शांतपणे म्हणाले की बुर्जी झाली, बरोबरी. मामांना वाटलं चेष्टा आहे. मग ते मोठ्यानं हसले, माझ्या नवऱ्याला बाहेर बोलावून त्यालाही सांगितलं, आणि वर म्हणाले, “असल्या बरोबऱ्या करूनच तुमचा उदगीरवाला मोठा झाला आसंल, पाव्हणं.”

अप्पांनी मोहरी डब्यात भरली, पटाची घडी केली, पिशवी उचलली. भाकरी तव्यावरच होती. मी दारापर्यंत गेले, तर “गाडी हाय, माय” एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते आले नाहीत. फोन केला की कधी सोयाबीन काढायचं असे, कधी हरभरा पेरायचा. वेळा अमावस्येला शेतात बसून जेवायचा सण असतो, तेव्हा मी आणि नवरा रेणापूरला गेलो. भज्जी आणि आंबील समोर ठेवून अप्पांनी घरातल्या सगळ्यांची चौकशी केली, फक्त मामांची सोडून. नवरा म्हणाला, म्हातारी माणसं आहेत, येतील वळणावर. मला ते पटलं नाही. माझं माहेर त्या पिशवीतून माझ्या दारात येत होतं, आणि ते बंद झालं होतं.

मामांशी मी जेवण आणि औषधाच्या पलीकडे कधी बोलत नाही. रेणापूरहून परतल्यावर एका दुपारी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि तिथंच उभी राहिले. ते मोबाईलवर डाव बघत बसले होते.

मी म्हणाले, “मामा, बुर्जी टाळून मात करायला जमंल का नॉर्वेवाल्याला?”

त्याला काय गरज, असं ते म्हणाले.

“उदगीरवाल्याला रोज गरज पडायची.”

मामांनी मोबाईल पालथा ठेवला. तुला येतं का हे, असं विचारलं. येतं, मी म्हणाले. लहानपणी अप्पांच्या पाठीमागं बसून मी दुसरं केलं तरी काय होतं. त्यांनी आपला लाकडी पट काढला आणि मी सासऱ्यांसमोर पहिल्यांदा खाली बसले. घोडा बरोबर घरात पडत होता.

पहिल्या डावात त्यांनी माझं सगळं मारलं. मी म्हणाले, बुर्जी. दुसऱ्या डावात त्यांनी मुद्दाम माझा एक घोडा ठेवला आणि त्याच घोड्यानं त्यांचा हत्ती खाल्ला. मामा डोकं धरून हसले. मग पुन्हा मांड म्हणाले, आणि पुन्हा. चहा गार झाला. दिवेलागणीला त्यांनी स्वतः रेणापूरला फोन लावला. “पाव्हणं, मोहरं जिवंत ठेवून मारणं लई अवघड हाय. मी बोललो ते चुकलं. या, दाखवा.”

अप्पा त्याच आठवड्यात आले. आता एक डाव रेणापूरच्या रीतीनं होतो, एक नांदेडच्या. मामांनी एका चालीत राजा कोपऱ्याकडं नेऊन किल्लेकोट केला, की अप्पा म्हणतात, लढाई सुरू व्हायच्या आधीच हत्तीमागं दडतो तो राजा कसला. मामा म्हणतात, जिवंत राहतो तो राजा. मग वाद पुन्हा नॉर्वेला जातो आणि उदगीरला परत येतो.

माझं उत्तर उदगीरचा. लातूरला एका लग्नात मी त्या म्हाताऱ्याला खेळताना पाहिलंय. त्यानं अप्पांवर प्याद्यानं मात केली, अप्पांचा हत्ती आणि घोडा पटावर उभेच होते. त्या हरण्याची गोष्ट अप्पा आजही कौतुकानं सांगतात. नॉर्वेवाल्याकडून हरलेलं कोणी असं मिरवत असेल, तर मी माझं उत्तर बदलीन.

परवा अप्पा गेल्यावर ओसरी झाडली. कोनाड्यात त्यांचा कापडी पट घडी करून ठेवलेला होता. मी फोन करून सांगितलं की पट विसरलात.

“न्हाई,” ते म्हणाले. “राहू दे तिथंच.”