शुभेच्छुकांच्या दुसऱ्या रांगेत

शनिवार पेठेतल्या आमच्या चौकात नवा फ्लेक्स लागला की मी तो पूर्ण वाचते. सगळी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे समोर आलेलं काहीही वाचल्याशिवाय सोडवत नाही. त्या दिवशी दूध घेऊन येताना पाहिलं, तर गॉगल लावलेले आमचे दादा हात जोडून उभे. डोक्यावर पक्षाच्या नेत्यांचे चेहरे आणि खाली ‘आपला हक्काचा माणूस पुन्हा आपल्यात’. पुन्हा कुठून, ते लिहिलं नव्हतं. तुरुंगातून.

गणपतीत मांडवातल्या स्पीकरचा आवाज जरा कमी करा, एवढंच आमच्या गल्लीतले टेलर मास्तर म्हणाले होते. दादांनी सळई घेऊन त्यांच्या उजव्या हाताची बोटं मोडली. गल्ली माणसांनी भरलेली होती, पण पोलिसांनी विचारल्यावर कळलं की त्या वेळी सगळे आरतीला डोळे मिटून उभे होते. मी गॅलरीत होते आणि माझे डोळे उघडे होते. म्हणून कोर्टात साक्ष मी दिली. दादांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यातली दोन होतात न होतात तोच महापालिकेच्या निवडणुका तोंडावर आल्या आणि सरकारला दादांची वर्तणूक एकदम आवडली. उरलेली शिक्षा माफ. आत ते इतर कैद्यांना योगासनं शिकवत होते म्हणे. अशा माणसाला डांबून ठेवणं सरकारच्या अगदी जिवावर आलं असणार.

हेही मी गिळलं असतं. पण शुभेच्छुकांच्या दुसऱ्या रांगेत, एक बिल्डर आणि एक अनोळखी मिशी यांच्यामध्ये, माझा फोटो होता. या सगळ्याच्या आधी एका महिला दिनाला मंडळाने माझा सत्कार केला होता, तेव्हाचा. हातातला नारळ कापून टाकला होता, हसू तेवढं ठेवलं होतं.

मास्तर याच चौकातून दुकानात येतात. सगळ्या पेठेत त्यांच्या बाजूने एकच माणूस बोललं होतं, आणि ते आता दादांचं स्वागत करत होतं. दूध तसंच हातात घेऊन मी दादांच्या संपर्क कार्यालयात गेले.

दादा उठले आणि चक्क पाया पडले. “बसा काकू. चहा सांगतो.”

“चहा नको. माझा फोटो काढा.”

“असू द्या की. मीच लावायला सांगितला. पोरं नको म्हणत होती. मी म्हटलं, काकू कोर्टात बोलल्या ते मनात ठेवायचं नाही. वय झालं की चुकतं माणूस.”

“चुकले नव्हते. मी पाहिलं होतं.”

“तेच म्हणतोय. झालं गेलं. मी माफ केलं तुम्हाला.”

वरून मिळालेली माफी हा माणूस प्रसादासारखी खाली वाटत सुटला होता. मी विचारलं, “आणि मास्तरांना?”

“त्यांनाही केलं,” दादा म्हणाले.

तिथून मी मास्तरांच्या दुकानात गेले. बोटं कामातून गेल्यापासून ते नवं कापड बेतत नाहीत, फॉल-बिडिंग आणि उसवलेलं शिवणं एवढंच करतात. मान वर न करता म्हणाले, “फोटो बरा आलाय.”

“मास्तर, मला कोणी विचारलं नव्हतं हो.”

त्यांनी दातांनी दोरा तोडला. “मला तरी कोणी विचारलं? बोटं माझी, माफ केलं सरकारनं.” मग खुंटीवरची मोठी कात्री काढली. तिच्यावर धूळ बसली होती. “जेवण झालं की चौकात या, ताई. येताना स्टूल आणा.”

दुपारी एक ते चार आमच्या पेठेत कशालाच साक्षीदार मिळत नाही. मी स्टूल धरलं, मास्तर चढले आणि डाव्या हाताने माझा चेहरा कापू लागले. समोरच्या इमारतीत एक पडदा हलला आणि नीट बंद झाला. चेहरा निघाला, पण माझा एक कान वरच राहिला आणि शेजारच्या मिशीचा अर्धा भाग खाली आला. मी हसू दाबत होते, तेही हसत होते.

खाली उतरून त्यांनी भोकाकडे पाहिलं. “वाकडं गेलं,” ते म्हणाले.

माझ्या कपाटात त्यांनी बेतलेले ब्लाउज आहेत. एकाचीही कड कुठे हललेली नाही. “असू द्या हो मास्तर, चिंधी तर आहे,” मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही. ते पुन्हा स्टुलावर चढले आणि कड सरळ करायला लागले. मिशी सगळी गेली, मग बिल्डर गेला. भोक मोठं होत गेलं, सरळ काही झालं नाही. मी स्टूल धरून उभी राहिले.