दादाने मोकळा केलेला डोह

चतुर, म्हणजे पाण्यावर भिरभिरणारा तो चार पंखांचा कीटक, या विषयावर बोलायला मला आग्रह लागत नाही. होळी गावातल्या आमच्या वाडीत केळींना पाणी लावताना थोरल्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, मी रानातल्या ओहोळावरचा तो चतुर इतक्यांदा रंगवून सांगितला की शेवटी तो वैतागला. "चल बाबा, दाखव एकदा. नाहीतर मीच पंख लावून नाचतो."

तुंगारेश्वरच्या रानातला हा ओहोळ मार्चमध्ये तुटतो आणि सावलीत लहान लहान डोह उरतात. त्यातले दोन रस्त्याच्या भरावाखाली गेले. काळ्या अंगावर पिवळे पट्टे मिरवणारा माझा चतुर आता एकाच डोहावर दिसायचा. त्याचं उडणं काही आठवड्यांचं. त्याआधी कितीतरी महिने तो तळाच्या कुजक्या पाल्यात अळी होऊन बसतो आणि मेमध्ये दगडावर चढून कात टाकतो. तिथे पोचल्यावर मी डोहाकाठच्या खडकावर उभा राहून कात टाकूनही दाखवली.

"मेमध्ये तुलाच तिकीट लावू या," दादा म्हणाला.

मग आणखी कुठे पाणी उरलंय का, ते बघायला मी वर गेलो. अर्ध्या तासानं परतलो तर दादा घामाघूम आणि खूश.

"सगळं तुंबलं होतं रे. मोकळं करून टाकलं."

जन्मभर वाडीतले पाट साफ केलेला माणूस. अडलेलं पाणी दिसलं की त्याचे हात थांबत नाहीत. डोहाच्या तोंडाशी अडकलेला पाला, काटक्या त्यानं उपसल्या होत्या, तळ खरवडला होता. पाणी खालच्या धोंड्यांत जिरून गेलं होतं. काठावर उन्हात काळ्या पाल्याचा ढीग होता आणि त्यात काहीतरी वळवळत होतं.

"हे काय?" दादानं विचारलं.

"तोच."

गुडघ्यांवर बसून आम्ही ढीग चिवडला. जिवंत सापडल्या तेवढ्या अळ्या ओंजळभर उरलेल्या पाण्यात सोडल्या. उतरताना दादा सारखा मागे वळून डोहाकडे बघत होता.

मेमध्ये मी एकटाच गेलो. डोहाच्या तोंडाशी दगडमातीचा बांध घातलेला होता, वाडीत घालतात तसा, हातानं लिंपून गुळगुळीत केलेला. आत पालाही नीट पसरला होता. दादा मला न सांगता येऊन गेला होता.

दोन तास बसलो. दगडांवर एकही कात नव्हती. बांध सुरेख होता, कुठेही चीर नव्हती. अडवायला पाणीच नव्हतं.