वाणात गेलेले झुमके

मैत्रिणींनो, खणाचे ब्लाऊज आणि रेशमी दोऱ्याचे झुमके विकायचं माझं ऑनलाईन दुकान नुकतंच सुरू झालंय. सगळं मी घरीच हातानं बनवते. आज पहिली मोठी ऑर्डर नांदेडला पाठवायची होती. एका ताईंच्या घरचं लग्न, सगळ्या करवल्यांना एकसारखे झुमके.

दुपारी खोका आणायला लातूरच्या बाजारात गेले. परत येईपर्यंत घरचं संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं होतं. कपाट उघडलं, तर झुमके गायब!

सासूबाईंना विचारलं, "आत्या, माझे झुमके?"

"वाण म्हणून वाटले की! बाया लई खूश झाल्या."

"अहो, ते दुकानातले होते!"

"दुकान तर मोबाईलमधी हाय म्हणालीस. कपाटातलं आपलंच न्हाई का?"

शेजारच्या काकूंकडं गेले, तर त्या म्हणाल्या, "वाण कुणी वापस मागतं का गं?"

नांदेडच्या ताई, नवे झुमके करायला बसलेय, काळजी करू नका. बाकीच्यांनो, ऑर्डर चालू आहेत. नमुने बघायचे असतील तर आमच्या गल्लीतून एक चक्कर मारा.

आणि एवढं सांगा. सगळ्यात भारी जोड सासूबाईंनी कुणालाच दिला नाही. तो त्यांच्याच कानात आहे. तो कोणी मागायचा?