पुठ्ठा आणि कोयता

भांडुपच्या त्या चाळीत वार्षिक पूजेला अंगणात पडदा लागतो, आणि प्रोजेक्टरपाशी लवूमामा पुठ्ठा घेऊन बसतो. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा. नायक नायिकेकडे सरकला की मामा तो भिंगासमोर धरतो. पोरं बोंबलतात, बाया पदर तोंडाला लावतात. जरा वेळाने मामा गंभीरपणे विचारतो, "झाला मां त्यांचा?"

यंदा नीलाकाकी हसली नाही. तिचं सगळं लक्ष मध्यंतराकडे होतं.

काकी महापालिकेची आरोग्य सेविका. डासांच्या अळ्या शोधायला लोकांच्या पिंपात डोकं घालणारी, पोलिओच्या डोसला घाबरून पळणारी पोरं जिन्यात गाठणारी. "तोंड उघड रे, मी काय मगर आहे?" मार्चमध्ये तिला समोरच्या खोलीतली श्रुतिका टाकीमागे रडताना सापडली. पहिली पाळी आलेली, आणि पोरीला वाटलं कॅन्सर झाला. आईला सांगायची लाज, मैत्रिणीला सांगायची भीती. त्या दिवसापासून काकी मंडळाच्या अध्यक्षांच्या, दशरथभाऊंच्या मागे लागली. दवाखान्यातली पाळीवरची फिल्म दाखवायची, पोरापोरींना एकत्र. भाऊंनी टोलवत टोलवत शेवटी मध्यंतर दिलं.

"दहा मिनिटं हां, नीला. वडे निवायच्या आत."

मध्यंतराआधी खलनायकाने कोयत्याने एकाचं मुंडकं उडवलं. ते जिन्यावरून टप्पे खात खाली आलं. पहिल्या रांगेत चौथीतली पोरं. "वन्स मोअर!" भाऊंनी हसत हसत लॅपटॉपवर सीन मागे घेऊन पुन्हा दाखवला. पुठ्ठा मामाच्या मांडीवर.

मग काकीची फिल्म. रेघांनी काढलेलं गर्भाशयाचं चित्र आलं न आलं, तोच पडदा काळा.

"मामा, पुठ्ठा काढा."

"माका कित्याक सांगतंस गो? भाऊंनी हात केल्यानी."

"अगं, लहान पोरं बसलीयेत," भाऊ माइकवरूनच म्हणाले. "आयाबहिणी आहेत. काही तारतम्य?"

"चित्र आहे ते, भाऊ! मुंडकं उडालं तेव्हा कुठे होती लहान पोरं? वडे आणायला गेलेली?"

"ती मारामारी. खोटी असते ती."

"आणि हे खरं आहे म्हणून झाकताय? तुमच्या आयाबहिणींच्या पोटात काय असतं मग, फाफडा?"

मागून कोणीतरी ओरडलं, "काकी, जाऊ द्या ना यार, पिक्चर लावा!" काकीने माइक ओढून घेतला. भाऊंनी वायर उपटली. काकीला भाषण येत नव्हतं, पण डेंग्यूच्या दिवसांत तिसऱ्या मजल्यापर्यंत हाक पोचवणारा गळा होता. ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ऐका गं पोरींनो! पाळी हा आजार नाही! पोरांनो, तुम्ही पण ऐका, तोंडं काय लपवता!"

भाऊंनी मामाला पुठ्ठा काढायला लावून उरलेला सिनेमा लावला, आवाज पूर्ण मोठा करून. बंदुका सुटल्या. काकीच्या साडीवर, कपाळावर सिनेमाचं रक्त ओघळू लागलं. आया उठल्या, पोरींचे दंड धरले. काकीचा आवाज फाटला, तरी ती थांबेना.

"गर्भाशय! गर्भाशय म्हणतात त्याला!"

गोळीबारात अर्धं बुडत होतं. श्रुतिकाने आईच्या हातातून दंड सोडवला, खुर्ची उचलली आणि ऐकू यावं म्हणून काकीच्या पुढ्यात नेऊन ठेवली. मागून आणखी एक खुर्ची फरशीवर खरखरली.