दारावरून परत गेलेलं पोतं

सरकारनं काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत केलं. पगार तोच आणि बाजार मात्र आभाळाला भिडलेला, म्हणून रेल्वेच्या नोकरदारांना महागाई भत्ता दिला. भत्त्यानंही भागेना, तेव्हा स्वस्त धान्याचं दुकान काढलं. दुकान कसलं, बाजूच्या रुळावर उभा केलेला मालडबा. दाराशी तराजू टांगलेला आणि आत पोत्यावर बसून एक बाबू कार्ड बघायचा. ते धान्य खाऊन आम्ही भावंडं वाढलो, हे खरंच आहे. तरी आज कोणी त्या दुकानाचं कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं. मुलं म्हणतात, आईला कशात म्हणून चांगलं दिसत नाही. दिसतं रे बाबांनो. पण त्या धान्यापायी आमच्या घरातून काय गेलं, ते तुम्हाला कुठे माहीत आहे?

माझे वडील गोंदियाच्या मालधक्क्यावर कारकून होते. दिवसभर तांदळाच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचे. गिरण्यांमधून पोती यायची, डब्यांत चढायची आणि फौजेसाठी कुठल्या कुठे जायची. आणि लिहिणाऱ्याच्या घरी संध्याकाळी कण्यांची पेज आणि लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. बाबा, आई, मी, माझे दोन धाकटे भाऊ आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा झालेली. बाबा तिला बाई म्हणायचे आणि ती त्यांना भाऊ.

आत्याला ओझं समजायची कुणाची टाप नव्हती, कारण आत्या स्वतःला ओझं समजत नव्हती. तिच्या नावावर तीन बांध्या होत्या. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, घेरलेलं धानाचं शेत, आमच्याकडे जमीन अशीच मोजतात. तिचा नवरा मरण्याआधी भावापासून वेगळा झाला होता, त्यामुळे त्या तीन बांध्या पटवाऱ्याच्या कागदावर तिच्या नावे लागल्या. गाव फुलचूरच्या पलीकडे, बैलगाडीनं सकाळी निघालं की जेवणाच्या आत पोचता यायचं. जमीन तिचा भासरा कसायचा. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आणि दर वर्षी धानाची चुरणी, म्हणजे मळणी, झाली की पौषात तो आत्याच्या दाराशी एक पोतं धान पाठवायचा.

एकच पोतं. तीन बांध्यांच्या मानानं ते काहीच नव्हतं, आणि आई तसं पुटपुटायचीही. पण आत्याच्या लेखी ते धान नव्हतंच. जमीन तुझी आहे, हे साऱ्या गावादेखत दर वर्षी कबूल करायची ती रीत होती. गाडी आली की आत्या बैलांच्या पायांवर पाणी घालायची, पोत्याचं तोंड स्वतःच्या हातानं सोडायची आणि पहिली मूठ पदरात घ्यायची. मग गाडीवानाला विचारत बसायची, तळ्याकडचा धुरा फुटला का, मधल्या बांधीत गवत किती माजलं. एरवी मोजकं बोलणारी बाई त्या दिवशी थांबता थांबत नसे. आणि एक नियम पक्का होता: पोतं दाराशी यायला पाहिजे, मागायला जायचं नाही. मागितलं की तो वाटा राहत नाही, भीक होते, असं ती म्हणायची.

आता कार्डाचं सांगते. स्वस्त धान्य घरातल्या माणसांच्या हिशेबानं मिळायचं. बायकोमुलं तर धरलेलीच, पण विधवा बहीण धरायची तर ती पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून आहे, तिचं स्वतःचं काही नाही, असं लिहून द्यावं लागे. बाबांनी लिहिलं, 'विधवा बहीण, निराधार, जमीनजुमला नाही.' तिला न विचारता लिहिलं. सगळेच तसं लिहीत होते, कुणी त्यात पाप मानत नव्हतं. एका माणसाचं धान्य म्हणजे आमच्या घरात आठवड्यातून दोन वेळा पेजेऐवजी भात होत होता.

वर्षभर काही झालं नाही. मग एक दिवस कळलं की तारघरातल्या एका बाबूनं मेलेल्या आईचं नाव कार्डावर तसंच ठेवलं होतं, ते उघडकीला आलं आणि त्याला घरी बसवलं. कार्डही गेलं, नोकरीही गेली. त्यानंतर हुकूम निघाला की नागपूरहून साहेब येऊन प्रत्येक क्वार्टरात माणसं मोजणार आणि आश्रितांना समोर उभं करून विचारणार. बाबांच्या तोंडचं पाणीच पळालं. जेवता जेवता ते मध्येच हात थांबवून दाराकडे बघायला लागले.

त्यांनी आत्याला सांगून पाहिलं. साहेबानं विचारलं तर एवढंच म्हण, माझं काही नाही. आत्या तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"माही जमीन हाय. मी नाई कशी म्हनू?"

बाबांनी समजावलं, विनवलं, शेवटी चिडले. म्हणाले, कागदावर लिहिलंय मी, माझी नोकरी जाईल, ही पोरं रस्त्यावर येतील. आई मधे पडली नाही, पण चुलीतलं लाकूड तिनं असं काही आदळलं की ठिणग्या उडाल्या. आत्यानं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, मी साहेबापुढे तोंड उघडणार नाही. विचारलं तरी गप्प राहीन. पण 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. याच्या पुढे ती एक पाऊल हलली नाही.

साहेब आला तो नेमका पौषात. पहिल्या दिवशी स्टेशनाकडची ओळ झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या मागची अर्धी. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा कामावर गेलेच नाहीत, कोट घालून दारात उभे राहिले. मी त्यांच्या मागे. आत्या परसदारी कपडे धूत होती. शेजारचे एक बाबू त्यांच्या ओट्यावर दातण करत बसले होते आणि भिस्ती मशक घेऊन ओळीतून येत होता. आणि मला बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

पहाटेच्या अंधारातच निघालेली गाडी आमच्याच ओळीत वळली. हाकणारा आत्याच्या भासऱ्याचा मुलगा, चांगला बाप्या गडी. मागे गवतावर पोतं. बाबांनी एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा शेजारच्या बाबूंकडे. मागच्या ओळीतून साहेबाच्या चपराशाचा आवाज ऐकू येत होता. बाबा पायऱ्या उतरून धावतच गेले. गाडी फिरव, म्हणाले, आत्ताच्या आत्ता.

"काऊन जी? काकीचं पोतं हाय," तो म्हणाला.

"आमचा त्या जमिनीशी काही संबंध नाही. घेऊन जा. घरी तसं सांग."

हे बाबा मोठ्यानं बोलले. शेजारच्या बाबूंना ऐकू जावं म्हणूनच बोलले, हे मला तेव्हाही कळलं. तो गडी गाडीवरून खाली उतरला. काही चुकतंय का, असं तो बाबांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्यानं शांतपणे विचारलं, पक्कं सांगून राहिले ना? बाबा हो म्हणाले. भिस्ती थांबून बघत होता. शेजारच्या बाबूंनी दातण तोंडातून काढलं होतं. त्या गड्यानं दोघांकडेही नीट पाहून घेतलं, बैल वळवले आणि गाडी गेली.

तेवढ्यात मागून आत्याची हाक आली. तिनं घुंगरं ऐकली होती.

"पोरी, आपली गाडी आली का वं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काही म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं, मला निदान त्यांच्यावर ढकलता आलं असतं. त्या वेळी मला जमीन दिसत नव्हती, तारघरातल्या बाबूची मुलं दिसत होती, ती सामान गाडीत भरत होती तेव्हा मी त्यांना पाहिलं होतं.

"नाही आत्या," मी ओरडून सांगितलं, "दुसऱ्याची होती."

साहेब अर्ध्या तासानं आला. दारातच उभा राहिला, आत आलाही नाही. कार्ड हातात घेऊन बोटानं आम्हाला मोजलं. आत्या पदर पुढे ओढून भिंतीशी उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. ये कौन, त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, बहन है साहब, बेवा. त्यानं कार्डावर खूण केली, ते परत दिलं आणि पुढच्या दाराकडे गेला. जमिनीचं त्यानं विचारलंच नाही. आमच्या दारात तो पाणी पिण्याइतकासुद्धा थांबला नाही. बाबा पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे हसायला लागले. आईनं त्या दिवशी गूळ घालून चहा केला. मीही प्याले, आणि गोड लागला मला तो.

पौष सरला, माघ सरला. आत्या रोज एकदा ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघून जायची. गाडी काऊन नाई आली असंल, एवढंच म्हणायची. बाबा सांगायचे, बैल आजारी असतील, कामं लांबली असतील. त्यांच्या मनात होतं की रजा मिळाली की गावी जाऊन खरं काय ते सांगून यावं. पण लढाईत रजा कुठली, आणि मिळाली असती तरी ते गेले असते का, याची मला आज खात्री देता येत नाही. दर हप्त्याला डब्यातून धान्य येत राहिलं. दुसरा पौषही कोरडा गेला. तेव्हा आत्यानं आपला नियम मोडला. एका सकाळी म्हणाली, चल पोरी, मी गावी जाऊन येतो, तू सोबत पायजेस.

सोबत मी का, ते मला माहीत होतं. भासऱ्याशी बाईनं समोरासमोर बोलायचं नसतं. पदर घेऊन बसायचं आणि मधल्या माणसाकरवी बोलायचं, भले दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत असो. म्हणजे तिचं बोलणं मला पोचवायचं होतं. सबंध रस्ताभर मी मनात देवाला सांगत होते, भासरा घरी नसू दे.

तो घरीच होता. म्हातारा झाला होता, पण ताठ. पाणी दिलं, बसायला गोणपाटाचा बोरा टाकला. आत्यानं त्याच्याकडे पाठ करून मला सांगितलं, विचार, दोन वर्स झाले, वाटा काऊन नाई धाडला. मी विचारलं. तो रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं.

"सांग तुह्या आत्याले," तो मला म्हणाला, "पोतं आमी धाडलं होतं. तुमच्याच दारावरून परत आलं. संबंध नाई म्हनून तिच्या भावानं सांगतलं, दोन मानसांदेखत. मंग आमी पटवाऱ्याकडून नाव काढून घेतलं. लगान आमी भरतो, मेहनत आमची. जिले नको, तिच्या नावानं कायले ठेवाचं?"

आत्यानं ते ऐकलं होतं. पण रीत म्हणजे रीत, ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी सांगायची वाट पाहत. मला तो एकेक शब्द तिला सांगावा लागला. सांगून झाल्यावर ती पदराच्या आतून हळूच म्हणाली, त्या दिवशी तूच सांगतलं होतंस ना, दुसऱ्याची गाडी म्हनून? मी मान हलवली. रडले मी, पण रडून काय होतं.

तिनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं, लोटा विसळून पालथा घातला आणि उठली. तीन बांध्यांवरून वाट होती. त्या वाटेनं ती गेली नाही, लांबच्या वाटेनं आम्ही घरी आलो. सबंध वाटेत ती मला एक शब्दही टाकून बोलली नाही. ऊन लागतं म्हणून तिनं पदराचं टोक माझ्या डोक्यावर धरलं होतं.

बाबा कामावरून आले तेव्हा आत्या कार्ड आणि धान्याची थैली घेऊन दारात उभी होती. डब्यावर धान्य आणायला नेहमी आई जायची. आत्या आजवर कधीही त्या रांगेत उभी राहिली नव्हती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना समजलं. कोटाची एक बाही काढलेली, दुसरी तशीच.

"भिऊ नको भाऊ," आत्या म्हणाली. "तू कागदावर लिवलं होतंस ना, निराधार. तवा खोटं होतं. आता येऊ दे कोनत्याबी साहेबाले, मी सोताच्या तोंडानं सांगीन."

आणि थैली घडी करून काखेत धरून ती रुळांकडे चालायला लागली.